अक्ल आणि अंतःकरण

काही महिन्यांपूर्वी हिंगणघाट तालुक्यातील एका गावी ताजियतीसाठी जाणे झाले. घरातील कर्ता पुरुष अल्पशा आजाराने निवर्तला होता. अंगणात सतरंजीवर मंडळी बसली होती आणि ओसरीच्या खांबाला टेकून मृताचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा हुंदके देत होता. घरातील एका वडीलधाऱ्या नातलगाने त्याला जवळ घेतले, पाठीवरून हात फिरविला आणि म्हटले, "बेटा, मर्द रडत नसतो. सब्र कर. आता मनाने नाही, डोक्याने विचार करायचा." मुलाने बाहीने डोळे पुसले. त्यानंतर तो रडला नाही. पण बोललाही नाही आणि जेवायलाही बसला नाही. मी तेथेच होतो आणि गप्प राहिलो. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात मध्येच पडू नये, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली. परतीच्या वाटेवर मात्र ते वाक्य पाठ सोडीना.

ते वाक्य त्या एका गृहस्थाचे नव्हते. आपल्या बहुतेक घरांत ते कोणत्या ना कोणत्या रूपात बोलले जाते. भावना म्हणजे दुबळेपणा आणि विचार म्हणजे खंबीरपणा; भावना नफ्सच्या बाजूची आणि विचार दीनच्या बाजूचा; म्हणून ईमानवंताने पहिलीला दाबून टाकावे आणि दुसऱ्याच्या हाती सारा कारभार द्यावा, अशी समजूत आपल्यात खोल रुजली आहे. ही समजूत कुरआन व सुन्नतमधून आली आहे की आपल्या मर्दानगीच्या कल्पनेतून, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे. कारण तिच्यावर एका मुलाचे रडणेच नव्हे, तर आपले पुष्कळसे निर्णय अवलंबून आहेत. तलाक, जमिनीची वाटणी, भाऊबंदकी, मुलांचे संगोपन, इतर समाजांशी आपले वागणे या सर्वांत आपण याच समजुतीने चालतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम जेमतेम दीड वर्षाचे होते. मदीनेत अबू सैफ नावाच्या लोहाराच्या घरी, दाईपाशी ते वाढत होते. ह. अनस (र.) सांगतात की, प्रेषित (स.) त्या घरी जात तेव्हा घर भात्याच्या धुराने भरलेले असे, तशा धुरातच ते बाळाला उचलून घेत, त्याचे चुंबन घेत आणि परत येत. बाळाची अखेरची घटका आली तेव्हा प्रेषितांचे डोळे वाहू लागले. त्या वेळी त्यांनी जे म्हटले त्याचा आशय बुखारीमध्ये आहे: डोळा अश्रू ढाळतो, अंतःकरण दुःखी होते, मात्र जिभेने आम्ही तेच बोलतो ज्यात आमच्या पालनकर्त्याची प्रसन्नता आहे, आणि हे इब्राहीम, तुझ्या वियोगाने आम्ही शोकाकुल आहोत.

येथे मर्यादेची रेषा कोठे आखली गेली, ते पाहण्यासारखे आहे. ती डोळ्यावर नाही आणि अंतःकरणावरही नाही. ती जिभेवर आहे. दुःख येऊ देऊ नका, असे कोणालाही सांगितलेले नाही. दुःखाच्या भरात अल्लाहच्या निर्णयावर दोषारोप करू नका, छाती पिटून आकांत करू नका, एवढेच सांगितले आहे. सब्र या शब्दाचा अर्थ आपण ‘न रडणे’ असा करून टाकला आहे. वास्तविक त्याच्या मुळाशी रोखून धरणे, टिकून राहणे हा अर्थ आहे, आणि जे मुळातच नाही ते रोखून कसे धरणार?

त्याच दिवशी आणखी एक घटना घडली. सूर्याला ग्रहण लागले. खगोलगणितानुसार तो दिवस २७ जानेवारी ६३२ हा ठरतो. मदीनेत लोक बोलू लागले की, इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. ही बोलणारी माणसे शत्रू नव्हती. ती प्रेमाने बोलत होती. प्रेषित (स.) गप्प राहिले असते तर एकाही माणसाने आक्षेप घेतला नसता, उलट, त्या लहानग्याचा सन्मानच वाढला असता. परंतु ह. मुग़ीरा बिन शुअबा (र.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी लोकांना स्पष्ट सांगितले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या दोन निशाण्या आहेत, कोणाच्या मृत्यूने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही, ते दिसेल तेव्हा नमाज पढा आणि प्रार्थना करा.

जे डोळे भरून आले होते त्याच डोळ्यांनी सूर्याकडे पाहिले, आणि तरीही सूर्याविषयीचे सत्य बदलू दिले नाही. भावनेला तिची जागा दिली आणि ज्ञानाच्या जागेवर तिला बसू दिले नाही. या विषयावर मी जे काही वाचले आहे त्यात यापेक्षा मोठा दाखला मला आढळला नाही.

पवित्र कुरआनात अशी माणसे अनेक ठिकाणी भेटतात. सूरह यूसुफमध्ये ह. याकूब (अ.) यांचे डोळे शोकाने पांढरे पडल्याचा उल्लेख आहे. पुत्र त्यांना दोष देतात, की अशाने तुम्ही झिजून जाल. ते उत्तर देतात की, माझ्या दुःखाचे गाऱ्हाणे मी फक्त अल्लाहपाशी मांडतो. आणि लगेच पुढच्या आयतीत काय आहे? जा, यूसुफ आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, निराश होऊ नका, असा आदेश. म्हणजे ज्याने रडून दृष्टी गमावली तोच त्या घरात नेमके काय करायचे हे ठरवीत होता. कोरड्या डोळ्यांचे पुत्र मात्र शोध सोडून बसले होते.

ह. मूसा (अ.) यांच्या मातेचा प्रसंग तर माझ्या मते या विषयाचा गाभाच आहे. तान्ह्या बाळाला नदीत सोडल्यावर त्या माउलीचे अंतःकरण रिकामे झाले, असे सूरह क़ससच्या दहाव्या आयतीत म्हटले आहे. इतके की ती सारे रहस्य उघड करून बसली असती, जर अल्लाहने तिचे अंतःकरण बांधून ठेवले नसते. ‘रबत्‌ना’ हा तेथील मूळ शब्द आहे. रब्त म्हणजे बांधणे. अंतःकरण बांधले गेले आणि पुढच्याच आयतीत ती मुलीला सांगते, त्याच्या मागोमाग जा. मुलगी दुरून, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने पाहत राहते. किती सावध, किती हिशेबी पाऊल! पण हे पाऊल उचलायला लावले कोणी? थंड बुद्धीने नव्हे. ज्या ममतेने अंतःकरण रिकामे केले होते तिनेच, बांधली गेल्यानंतर, ही युक्ती सुचविली.

‘अक्ल’ या शब्दाचा उगमही दोरीतच आहे. अरबीत उंटाचा गुडघा दुमडून ज्या दोरीने बांधतात तिला ‘इक़ाल’ म्हणतात, आणि अक्ल त्याच धातूपासून आली आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी आधी बांध आणि मग भरवसा ठेव असे सांगितले, हा तिर्मिज़ीमधील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. तेथे बांधण्यासाठी आलेले क्रियापद याच धातूचे आहे. आमच्या वऱ्हाड-वर्धेकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बैलाला कासरा असतो तो बैल मारण्यासाठी नव्हे. बैलाचे बळ हवे असते म्हणूनच कासरा लागतो. बैलच नसेल तर कासरा खुंटीला टांगून ठेवण्याच्या कामाचा. इमाम ग़ज़ाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये अंतःकरणाला राजाची, बुद्धीला वज़ीराची, क्रोधाला कोतवालाची आणि वासनेला रसद आणणाऱ्या सेवकाची उपमा दिली आहे. कोतवालाला ठार करा, असे ते कोठेही म्हणत नाहीत. कोतवालाविना नगर लुटले जाईल. त्याने वज़ीराच्या आज्ञेत राहावे, इतकेच.

आता एक शंका निघते. कुरआन समजण्याचे काम अंतःकरणाकडे सोपवितो. सूरह हजच्या ४६ व्या आयतीत, ज्यांनी समजून घ्यावे अशी अंतःकरणे त्यांना असती, असा आशय आहे. आंधळे होतात ते डोळे नव्हेत, छातीतील अंतःकरणे होत, असेही तेथे म्हटले आहे. मग आधुनिक शास्त्र मेंदूकडे बोट दाखविते त्याचे काय? हा प्रश्न नवा नाही. इमाम नववी यांनी सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी सहीह मुस्लिमच्या भाष्यात नोंदविले आहे की, शाफ़ई पंथाचे विद्वान बुद्धीचे स्थान हृदयात मानतात, तर इमाम अबू हनीफ़ा यांच्या मते ते मेंदूत आहे. दोन्ही बाजू तेथे शांतपणे मांडल्या आहेत आणि कोणी कोणाचे ईमान काढलेले नाही. अलीकडे मात्र ‘विज्ञानाने हृदयात मेंदू शोधून काढला’ अशा मजकुराचे संदेश मोबाइलवर फिरतात आणि आपली चांगली शिकलेली माणसेही ते पुढे पाठवितात. कुरआनला अशा आधाराची गरज नाही. क़ल्ब या शब्दाने तो माणसाचे ते अंतरंग दर्शवितो जेथे जाणणे, भिणे, प्रेम करणे आणि ठरविणे एकत्र नांदते. शरीरशास्त्राच्या परीक्षेचे उत्तर तो देत नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, ज्या शब्दाने कुरआन समजणे सांगतो त्याच शब्दाने थरारणेही सांगतो. अल्लाहचे नाव निघताच ईमानवंतांची अंतःकरणे कापतात, आणि त्याच्याच स्मरणाने ती शांतही होतात. एक घर समजण्याचे आणि दुसरे भावनेचे, अशी वाटणी त्याने केलेली नाही.

मेंदूचा अभ्यास करणारे लोक फिरून फिरून याच वाटेवर आले आहेत. अमेरिकेत १३ सप्टेंबर १८४८ रोजी फिनिअस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार सुरुंगाच्या स्फोटाने कवटीतून आरपार गेली. तो वाचला. बोलणे, चालणे, स्मरणशक्ती सारे राहिले. पण जवळच्या माणसांना तो पूर्वीचा गेज वाटेना. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस अंतोनिओ दमासिओ या मेंदूतज्ज्ञाने कपाळामागील भागाला इजा झालेले असे रुग्ण बारकाईने पाहिले. बुद्धिमापनाच्या चाचण्यांत ते उत्तम उतरत. स्वतःच्या दैन्याची कथा मात्र ते दुसऱ्याची सांगावी तशी कोरडेपणाने सांगत, आणि त्यांचे संसार, नोकऱ्या, पैसा सारे चुकीच्या निर्णयांत वाहून गेलेले असे. अशाच एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचविल्या, तर जवळजवळ अर्धा तास तो दोन्ही तारखांचे फायदे-तोटे मांडत बसला. शेवटी डॉक्टरांनीच दुसरी तारीख सांगितली. तो म्हणाला, ठीक आहे.

त्याच्यापाशी तर्काची काहीच वाण नव्हती. वाण होती ती ‘आता पुरे’ असे आतून सांगणाऱ्या ओढीची. आयोवा विद्यापीठातील पत्त्यांच्या खेळाचा प्रयोगही हेच दाखवितो. चार गड्ड्यांपैकी दोन गड्ड्या मोठे लाभ दाखवून शेवटी बुडविणाऱ्या होत्या. निरोगी माणसांच्या तळहातांना त्या गड्ड्यांकडे हात नेताना घाम सुटू लागे, आणि तोही कोणती गड्डी वाईट हे त्यांना शब्दांत सांगता येण्यापूर्वी. मेंदूच्या त्या भागाला इजा झालेल्यांना घाम सुटत नसे आणि ते बुडतच राहत. काहींना तर गड्डी वाईट आहे हे कळल्यावरही. या संशोधनाच्या सर्व तपशिलांवर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. परंतु मेंदूत खाली भावनेचा पशू आणि वर बुद्धीचा स्वार असे जे चित्र पूर्वी रंगविले जाई, ते आता गंभीर अभ्यासकांपैकी फारसे कोणी मानत नाही.

याचा अर्थ भावनेचे म्हणणे नेहमी खरे असते, असाही कोणी घेऊ नये. तिन्हीसांजेला पऱ्हाटीतून घरी येताना पायाशी वळवळल्यासारखे काही दिसते आणि माणूस उडी मारून मागे सरतो. मग कळते, दोरी होती. ती उडी विचारपूर्वक मारलेली नसते. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा एक भाग आहे. धोक्याची चाहूल लागताच शरीराला सावध करण्यात त्याचा मोठा वाटा असतो. कपाळामागील भाग जरा मागाहून निरखून पाहतो आणि दोरीला दोरी म्हणतो. आमच्याकडे शेतात साप खरोखरच असतात, म्हणून ती उडी मूर्खपणाची नव्हे. मूर्खपणा तेव्हा होतो, जेव्हा दोरी आहे हे दिसल्यावरही माणूस काठी उगारतो, कारण एकदा घाबरल्यानंतर माघार घेणे त्याला कमीपणाचे वाटते. शिवाय भय किंवा संताप फार वाढला की निरखून पाहणाऱ्या त्या भागाचे कामच मंदावते. म्हणजे ज्या क्षणी दोरीची सर्वांत जास्त गरज असते, त्याच क्षणी ती हातातून निसटते.

हे आपल्या शरीअतने फार पूर्वी ओळखलेले आहे. ह. अबू बकरा (र.) यांनी सजिस्तानमध्ये न्यायाधीश असलेल्या आपल्या पुत्राला पत्र लिहून कळविले की, क्रोधात असताना दोघांमध्ये निवाडा करू नको, कारण प्रेषितांनी तशी मनाई केल्याचे मी ऐकले आहे. फ़क़ीहांनी या आदेशाचा विस्तार करून तीव्र भूक, झोपेची गुंगी, अतिदुःख यांचाही त्यात समावेश केला. त्यांनी अतिहर्षही त्यात धरला, ही गोष्ट मला फार मार्मिक वाटते. आनंदाने बेभान झालेला न्यायाधीशही धोक्याचाच. मात्र ज्याला कधीच क्रोध येत नाही असा न्यायाधीश शोधा, असे कोणी म्हटले नाही. क्रोध येईल. तो येऊन जाईपर्यंत निवाड्याने थांबावे.

आपल्या घरांत न्यायाधीश नसतात. पण निवाडे रोज होतात. रागाच्या भरात उच्चारलेल्या तलाकमुळे किती संसार मोडले, हे प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे. इब्नुल क़य्यिम यांनी यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून रागाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: जेथे माणूस पूर्ण भानावर असतो ती, जेथे आपण काय बोलतो हेच त्याला कळत नाही ती, आणि या दोहोंमधली, जिच्याविषयी मतभेद आहेत. कोणत्या पायरीवर कोणता हुकूम लागू होतो हे ज्या त्या प्रसंगी उलमांनाच विचारावे. हा लेख फ़तवा देण्यासाठी नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, माणसाची जबाबदारी त्याच्या भानाशी बांधलेली आहे, हे त्या काळच्या विद्वानांनी किती सूक्ष्मपणे पाहिले होते. बुखारी व मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा आहे की, मनात जे येते ते जोपर्यंत उच्चारले किंवा आचरले जात नाही, तोपर्यंत अल्लाहने या उम्मतला माफ केले आहे. भावना पाहुण्यासारखी न विचारता येते, आणि पाहुणा आला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. घराच्या चाव्या त्याच्या हाती दिल्या तर मात्र हिशेब द्यावा लागेल.

मग दोरी हाती राहावी कशी? येथे आपण बहुतेक जण चुकतो. आपण उपदेश करतो. रागावलेल्या माणसाला ‘शांत हो’ म्हटल्याने कोणी शांत झाल्याचे मी तरी पाहिले नाही. ह. अबू ज़र (र.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये प्रेषितांनी सांगितलेला उपाय अगदी निराळा आहे: उभा असेल त्याने बसावे, तेवढ्याने राग गेला नाही तर आडवे व्हावे. यात युक्तिवाद नाही. शरीराची ठेवण बदलायची, कारण भावना शरीरातून वाहते आणि शरीराच्या वाटेनेच ओसरते. दिवसातून पाच वेळा हातपाय धुऊन उभे राहणे, वाकणे, कपाळ जमिनीला टेकणे यातील शिस्तही माझ्या समजुतीप्रमाणे याच वाटेची आहे. अंतःकरणाला वळण लागते ते सवयीने, आणि सवय लागते ती हातापायांना.

हाच विचार शिक्षणात उतरविण्याचा एक मोठा प्रयत्न आमच्या वर्ध्यात झाला आणि त्याची आखणी करण्यात एका मुस्लिम शिक्षणतज्ज्ञाचा सिंहाचा वाटा होता, ही गोष्ट आपल्या नव्या पिढीला क्वचितच माहीत असते. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. केवळ डोके भरणारे शिक्षण त्यांना नको होते. हात, हृदय आणि मस्तक यांचा एकत्र विकास हवा होता. परिषदेने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद जामिया मिल्लियाचे प्रमुख डॉ. झाकिर हुसेन यांच्याकडे आले आणि २ डिसेंबरला अहवाल तयारही झाला. सात ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तव्यवसायाच्या आधाराने शिक्षण, असा त्याचा सांगाडा होता. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे हस्तव्यवसायाची होती. मातृभाषेला ४० मिनिटे होती.

हे प्रमाण आज वाचताना नवल वाटते, आणि इतका वेळ सूतकताईत घालविणे योग्य होते का, याविषयी मला स्वतःला शंका आहे. परंतु ज्याने टकळी फिरविली आहे त्याला ठाऊक असते की, चिडलेल्या हाताने सूत निघत नाही. पेळू जरा ओढला गेला की धागा तुटतो. मूल तुटलेला धागा पुन्हा जोडते, पुन्हा तुटतो, पुन्हा जोडते, आणि कोणीही ‘सब्र कर’ न म्हणता त्याच्या बोटांना सब्र ठाऊक होतो. लांबी मोजताना गणित येते, कापूस कोठून आला हे विचारताना भूगोल येतो. राग, कंटाळा आणि आनंद तर तेथे असतातच. त्यांना वर्गाबाहेर ठेवून कोणी सूत कातू शकत नाही.

स्वतः झाकिर साहेब भावनेच्या आहारी गेले नव्हते. गांधीजींविषयी त्यांच्या मनात अपार आदर होता. तरी शाळेचा खर्च मुलांच्या श्रमातून निघावा या गांधीजींच्या आवडत्या कल्पनेतील धोका त्यांच्या समितीने अहवालातच लिहून ठेवला: अर्थकारणावर भर देण्याच्या नादात शिक्षणाचा मूळ हेतूच बळी जाऊ शकतो. प्रेम होते म्हणून खोटे मान्य केले नाही आणि मतभेद होता म्हणून साथ सोडली नाही. ते हिंदुस्तानी तालीमी संघाचे अध्यक्ष झाले आणि योजना पुढे नेली.

पुढे जे झाले तेही सांगितले पाहिजे. त्याच सुमारास मध्य प्रांतात रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ नावाची शाळांची योजना काढली. सरकारी शाळेला मंदिर म्हणणे मुसलमानांना खुपले, आणि ते खुपणे खोटे नव्हते. आपल्या मुलांना कोणत्या नावाच्या दारातून आत जावे लागेल, हे विचारण्याचा पालकांना हक्कच होता. भावना येथे एक खरी बातमी सांगत होती. पण ती बातमी नावाविषयीची होती. पाहता पाहता विद्यामंदिर आणि वर्धा योजना या दोन्ही एकाच रागाच्या धगीत सापडल्या; १९३८ च्या पीरपूर अहवालात मुस्लिम लीगने दोहोंवर टीका केली. वर्धा योजनेवर घेतलेल्या काही आक्षेपांत तथ्य होते, विशेषतः धर्मशिक्षणाला तिच्यात जागा नव्हती याविषयीच्या. परंतु मुलाच्या हाताला आणि मनाला काय शिकवावे या प्रश्नाचे उत्तर दुखावलेल्या भावनेकडून मागितले गेले, आणि त्या प्रश्नाविषयी ती भावना काहीच जाणत नव्हती. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत एखाद्या समाजाविषयीच्या वैराने तुम्हाला न्यायापासून ढळू देऊ नये, अशी ताकीद आहे. वैर मुळीच वाटू नये, असे तेथे म्हटलेले नाही. वैर वाटत असतानाही माप सरळ धरावे, असे म्हटले आहे. हे काम किती कठीण आहे, ते आजही वृत्तपत्र उघडल्यावर दररोज कळते, आणि दोष एकाच बाजूला असतो असेही नाही.

सूरह आराफमध्ये एक विलक्षण शब्दप्रयोग आहे. वासराची पूजा पाहून संतापलेल्या ह. मूसा (अ.) यांनी हातातील फलक खाली टाकले, भावाचे डोके धरून ओढले. पुढे, त्यांचा राग ‘गप्प झाला’ तेव्हा त्यांनी ते फलक उचलून घेतले, असे १५४ व्या आयतीत येते. जणू राग हा कोणी बोलणारा होता आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत इतर काही ऐकूच येत नव्हते. त्याच फलकांवर मार्गदर्शन होते. राग बोलत होता तेवढा वेळ ते जमिनीवर पडून होते.

मध्यंतरी त्या गावी पुन्हा जाणे झाले. कापूस वेचणीचे दिवस होते. ओसरीत कापसाचा ढीग पडला होता आणि तो मुलगा त्यातील पालापाचोळा वेगळा करीत बसला होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि त्या दिवशी जे बोलायला हवे होते ते बोललो. लोहाराचे धुराने भरलेले घर, लहानगे इब्राहीम, प्रेषितांचे अश्रू, सूर्यग्रहण, सारे सांगितले. तो ऐकत होता. मग त्याने विचारले, "पण चाचा, त्यांना कुणी म्हटलं नाही का, की तुम्हीसुद्धा रडता?"

"म्हटले होते," मी सांगितले. "अब्दुर्रहमान बिन औफ़ (र.) तेथे होते. त्यांनी हेच विचारले, अल्लाहचे प्रेषित, आपणसुद्धा? तेव्हा प्रेषितांनी सांगितले, ही रहमत आहे."

मुलगा थोडा वेळ पाचोळा वेचत राहिला. नंतर खाली मान घालूनच म्हणाला, "अब्बांचा बैलही दोन दिवस वैरण खात नव्हता." एवढे बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. त्याची आई चुलीपाशी होती. तिने एकदा वळून पाहिले आणि पुन्हा भाकरी थापू लागली.